कयाक कॅरियरला बांधली, पण कॅरियर कशाला बांधलाय?

प्रश्न : माझी दहा फुटी प्लास्टिकची सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसून वल्हवायची) कयाक आहे. गाडीच्या टपावरच्या कॅरियरला बांधून पुण्याहून पवनेला नेतो, आता तारकर्लीला न्यायचीय. दुकानदार रॅचेटचे पट्टे घ्या म्हणतो, मित्र म्हणतो साधे बकलवाले पुरे. कोणाचं ऐकू?

मित्राचं. रॅचेट ट्रकच्या मालासाठी ठीक. त्याच्या दांडीला दोन झटके जास्त बसले की प्लास्टिकला पोचा येतो आणि फायबर असेल तर तडकतं. मित्र म्हणतो तो साधा, म्हणजे कॅम बकलचा पट्टा हाताने ओढून जेवढा आवळला जातो, तेवढा कयाकला पुरतो. २५ मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन भिजलं की सैल पडतं, आणि आपल्याकडे निम्मी हौस पावसाळ्यातलीच असते.

आता बांधायचा कसा. बकल तुमच्या बाजूला, क्रॉसबारच्या (कॅरियरच्या आडव्या दांडीच्या) चार बोटं वर. मोकळं टोक कयाकवरून पलीकडे टाका, तिथे बारखालून घ्या, परत कयाकवरूनच अलीकडे आणा. अलीकडच्या बारखालून घेऊन बकलात खालून वर ओवा आणि खाली ओढा. पट्टा दोन्हीकडे बारच्या पायांच्या आतून जायला हवा, म्हणजे टोकाकडून निसटत नाही. वरच्या भागात एक पीळ ठेवा. सपाट पट्टा वाऱ्यावर असा घुमतो की सातारा येईपर्यंत डोकं उठतं. उरलेलं टोक बांधून टाका. मग कयाक धरून गदागदा हलवा. गाडी डुलली पाहिजे, कयाक बारवर सरकता कामा नये. दहा-पंधरा किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा पट्टे पुन्हा तपासा. पहिला ढिलेपणा तिथेच सापडतो.

प्रश्न : दोन पट्टे घट्ट असताना पुढून-मागून दोरी कशाला? बोनेटचा रंग जातो.

कारण पट्टे कयाकला कॅरियरशी बांधतात, गाडीशी नाही. कॅरियर गाडीला धरून असतो तो चार पायांवर, म्हणजे दाराच्या कडेत अडकवलेल्या चार चिमट्यांवर. जुन्या ओम्नीला टपाच्या कडेने पन्हळ असायची, तिच्यात कॅरियर भक्कम बसायचा. आताच्या गाड्यांना ती नाही. कयाक सुटल्याच्या गोष्टी ऐकाल, तर बरेचदा कयाक आणि कॅरियर एकमेकांना घट्ट बांधलेले असतात आणि जोडीनेच उडालेले असतात.

वजन टपावर खाली दाबतं, त्याची मला फारशी काळजी नाही. काळजी वाऱ्याची. कयाकचं पुढचं टोक बोनेटच्या वर अधांतरी असतं, वारा त्याच्या पोटाखाली शिरून उचलतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी ८० वरून १०० वर गेलात तर दीडपटीहून जास्त. एक्स्प्रेस-वेवर कारला १०० ची मुभा आहे, पण कयाक टपावर असताना मी ८० च्या वर जात नाही. त्यात शेजारून कंटेनर गेला की आडवा झटका बसतो तो वेगळाच.

म्हणून दोरी थेट गाडीच्या सांगाड्याला हवी. पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं. टोचनचा हूक तिथे फिरवून बसतो. हूक स्टेपनीजवळच्या हत्यारांत सापडेल. तो नको असेल तर बोनेटखालच्या बोल्टला पट्टीचा फास अडकवून बाहेर काढता येतो, रंगही वाचतो. टेंपोवाले ताडपत्रीवर मारतात ती ताण देणारी गाठ शिकून घ्या. मात्र दोरी करकचून आवळू नका, कयाक केळ्यासारखी वाकते. झोल निघाला की पुरे. उरलेली दोरी लोंबकळत ठेवली तर चाकात जाते, ती गुंडाळून बांधा. पुढच्या दोरीचा आणखी एक फायदा : ती काचेतून समोर दिसते. ढिली झाली की मागे काहीतरी सरकलंय हे तुम्हाला बसल्या जागी कळतं.

प्रश्न : हुकवाले इलॅस्टिकचे पट्टे चालतील?

नाही. ताणले जाणं हेच त्यांचं काम. वल्ही एकत्र बांधायला वापरा.

प्रश्न : कॅरियर नाही. टपावर फोमचे पॅड ठेवून पट्टे दारांतून आत घेतले तर?

गावातल्या तळ्यापर्यंत एक वेळ ठीक. पावसात पट्ट्यावरून पाणी आत ठिबकेल. त्याहून मोठी गोष्ट, कर्टन एअरबॅग दारांच्या वर, छताच्या कडेला दडलेल्या असतात; तिथे आडवा पट्टा असणं मला पसंत नाही. सनरूफच्या काचेवर पॅड तर ठेवूच नका.

कॅरियर घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांच्या रूफ रेल, म्हणजे टपाच्या कडेच्या लांब दांड्या, नुसत्या शोभेच्या असतात. टपावर किती किलो चालतील तेही तिथेच असतं, आणि त्यात कॅरियरचंही वजन धरायचं. मर्यादा ५० किलो, कॅरियर ६, दोघांची कयाक ३५ : झालं, दुसरी कयाक मित्राच्या गाडीवर.

प्रश्न : मे महिन्यात दिवसभर उन्हात गाडी उभी होती. कयाकच्या तळाला बारचे खळगे पडले.

तापलं की हे प्लास्टिक मऊ पडतं. गाडी उभी केली की पट्टे सैल करा (निघताना आवळायला विसरू नका म्हणजे झालं) आणि कयाक पालथी ठेवा. पडलेले खळगे बरेचदा उन्हातच, भार काढल्यावर, आपोआप भरून येतात. घाई असेल तर गरम पाणी ओता आणि आतून हाताने दाबा. हवेची कयाक असेल तर ती फुगवलेली टपावर नेऊच नका. हवा काढून डिकीत टाका.

प्रश्न : टोरांटोला असतो. अल्गोंक्विन पार्कला जायला सोळा फुटी कनू (वरून उघडी वल्ह्याची होडी) भाड्याने घेतोय. कयाकचेच नियम का?

बहुतेक तेच. कनू मात्र नेहमी पालथी, काठ बारवर. भाड्याने देणारे काठात बसणारे फोमचे ठोकळे देतात, चार मागून घ्या. पालथी कनू पुढून वारा कोंडून घेते, त्यामुळे हायवे ४०० वर पुढची दोरी एकच नको. दोन घ्या, बंपरच्या दोन बाजूंना.

प्रश्न : पोलीस अडवतात का?

माल ठरलेल्या हद्दीबाहेर डोकावला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१अ) खाली वीस हजार दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च. म्हणून छोट्या गाडीवर लांब कयाक नको आणि मागच्या टोकाला लाल फडकं हवंच. पोलिसांआधी तुम्हाला अडवेल तो सोसायटीच्या बेसमेंटचा आडवा दांडा. कयाकसकट गाडीची उंची टेपने मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवा.