नोकरी सोडताना कंपनीच्या क्रेडिट कार्डावरचे खासगी खर्च फुल अँड फायनलमध्ये आपोआप कापले जातात का?

नाही. आणि फुल अँड फायनल (एफ अँड एफ), म्हणजे नोकरी सोडताना होणारा शेवटचा हिशेब, त्याच्या भरवशावर राहूही नका. तुम्ही लिहिलंय की राजीनामा दिलाय, कार्डावर एक मोबाइल, थोड्या टॅक्सी आणि दोन सबस्क्रिप्शन खासगी आहेत, आणि मॅनेजर म्हणतात, "एफ अँड एफमध्ये बघू." हे "बघू" शेवटी अकाउंट्सच्या टेबलावर येतं आणि "अकाउंट्सवाल्यांनी पैसे अडकवले" हे ऐकायला आम्हीच बसलेले असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा कार्ड कोणाच्या जबाबदारीवर आहे ते बघा. कॉर्पोरेट कार्डात कंपनीची जबाबदारी कुठवर आणि कर्मचाऱ्याची कुठवर, हे स्पष्ट असलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. कार्ड घेताना सही केलेल्या अर्जात ते सापडेल. जबाबदारी तुमची किंवा दोघांची मिळून असेल, तर तुमच्या एफ अँड एफशी बँकेला काही देणंघेणं नाही. ड्यू डेट उलटून तीन दिवसांच्या वर गेले की लेट फी लागते आणि थकबाकी सिबिलला कळवली जाऊ शकते. अशा कार्डावरचा खासगी भाग ड्यू डेटच्या आत सरळ बँकेत भरून टाका. जबाबदारी निव्वळ कंपनीची असेल तर देणं कंपनीचं, आणि खालचं सगळं त्याच कार्डांना धरून आहे.

आता तुमचा मोबाइल. समजा तो 23,600 रुपयांचा आहे: 20,000 किंमत, 3,600 जीएसटी. ऑर्डर करताना ॲपमध्ये कंपनीचा पत्ता आणि जीएसटी नंबर सेव्ह असतो, त्यामुळे बिल कंपनीच्या नावावर निघतं. विक्रेत्याने रिटर्न भरलं की ते बिल कंपनीच्या टू-बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या उताऱ्यात, दिसतं. खर्च नोंदवणारा मुलगा 20,000 ऑफिस इक्विपमेंटला टाकतो, 3,600 इनपुट क्रेडिटला (खरेदीवर भरलेला जीएसटी, जो कंपनी आपल्या जीएसटीतून वजा करते), आणि पुढच्या बिलाकडे वळतो. तुमचा हिशेब करणारा लेजर उघडतो तेव्हा त्याला 20,000 च दिसतात, तो तेवढेच कापतो. पण खासगी वापराच्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही. ऑडिटमध्ये ते निघतं, कंपनीला 3,600 उलटवावे, म्हणजे सरकारला परत द्यावे लागतात, क्रेडिट वापरलेलं असेल तर वर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज, आणि तोवर तुम्ही नव्या नोकरीत असता. दुसरी गंमत म्हणजे बिल कंपनीच्या नावाचं असल्याने कंपनीच्या कॉम्प्युटर-आयटीवाल्यांच्या ॲसेट लिस्टमध्येही (कंपनीच्या मालकीच्या वस्तूंच्या यादीत) तो फोन चढू शकतो. क्लिअरन्सच्या दिवशी ते फोन मागतात आणि तुम्ही म्हणता, पैसे तर कापलेत!

म्हणून परत करायची रक्कम स्टेटमेंटवरची, पूर्ण 23,600. सोबत बिल जोडा आणि मेलमध्ये सरळ लिहा: "ही खरेदी खासगी आहे, बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर आहे, क्रेडिट घेतलं असल्यास उलटवावं, ॲसेट रजिस्टरमधून काढावं."

"कंपनी सोडून देईल एवढे" असं कोणी म्हणालं तरी फुकट काही सुटत नाही. कार्डावरचा खासगी खर्च कंपनीने सोसला की तो पर्क्विझिट, म्हणजे पगारावरची करपात्र सवलत, धरून शेवटच्या पगारावर टीडीएस कापावा लागतो.

आता ज्यावरून सेल्सवाल्यांची आणि आमची कायम जुंपते तो मुद्दा. "माझा 12,000 चा क्लेम बाकी आहे, खासगी 9,000 आहेत, वळते करा आणि 3,000 द्या." कृपा करून असं करू नका, आणि मॅनेजरने सुचवलं तरी ऐकू नका. तुमच्या 12,000 पैकी विनाबिलाची टॅक्सी 2,500 ची निघाली आणि नामंजूर झाली, की 3,000 चे 500 होतात. मग भांडण सुरू, कारण कोणती रक्कम कशापोटी गेली हे कोणालाच सांगता येत नाही. क्लेम वेगळा टाका, परतफेड वेगळी करा. दोन नोंदी, दोन कागद. यात अकाउंट्सचा हट्ट नाही, उद्या तुमच्याकडेच पुरावा हवा म्हणून.

एफ अँड एफमधून कापायला मर्यादाही आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एका वेतन कालावधीतली एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर नेता येत नाही. त्यात नोटीस पे (नोटीसचे दिवस न भरल्याची वसुली) आधीच बसलेला असेल तर कार्डाला जागा उरत नाही. पीएफला कंपनीने हात लावायचा नसतो. ग्रॅच्युइटीही अशा उधारीपोटी अडवून ठेवता येत नाही, कोणी धमकी दिली तरी.

तर करायचं असं. गेल्या तीन बिलिंग सायकलची स्टेटमेंट आणि अनबिल्ड (अजून बिलात न आलेले) व्यवहार डाउनलोड करा. खासगी ओळींचा तक्ता करा: तारीख, दुकान, रक्कम, कारण. मॅनेजर, अकाउंट्स, एचआर तिघांना एकाच मेलवर पाठवा. पैसे कंपनीच्या खात्यावर एनईएफटीने भरा आणि यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) त्याच मेलच्या उत्तरात टाका. अकाउंट्समधल्या ओळखीच्या माणसाला रोख किंवा त्याच्या यूपीआयवर देऊ नका, तो कितीही सज्जन असो. लेजरवर जमा दिसल्याची पोच मागा, नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) त्यानंतर.

कार्डाचा वापर शेवटच्या दिवसाच्या महिनाभर आधी थांबवा. हॉटेलचं उशिरा आलेलं बिल, परदेशी चलनातला व्यवहार, पेट्रोलचा सरचार्ज हे मागाहून पोस्ट होतात. ऑटो-रिन्यूअलची ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) बँकेच्या ॲपमधून रद्द करा, टॅक्सीच्या ॲपमधून आणि फास्टॅगच्या ऑटो-रिचार्जमधून कार्ड काढा. कार्डावर काढलेलं रेल्वेचं तिकीट रद्द केलंत तर रिफंड त्याच कार्डावर येतो, म्हणजे तो कंपनीला मिळेल. रद्द करायचं असेल तर आत्ताच करा.

हे सगळं चुकून किंवा सोयीपोटी झालेल्या, आणि तुम्ही स्वतःहून सांगितलेल्या खर्चाबद्दल. मोबाइलला "क्लायंट गिफ्ट" दाखवलं असेल तर मामला उधारीचा राहत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मधल्या विश्वासघाताकडे जातो. तिथे माझं उत्तर वाचत बसू नका, वकील गाठा. आणि तुमच्या कंपनीचं कार्ड धोरण खासगी खर्चाला परतफेडीच्या अटीवर परवानगी देत असेल, तर त्यातली मुदत आधी बघा. काही ठिकाणी ती राजीनाम्याच्या तारखेपासून मोजतात, शेवटच्या दिवसापासून नाही.