रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी चालेल का?

प्रश्न : माझी २०० सीसीची लिक्विड कूल्ड बाइक आहे. चार वर्षांत कूलंट एकदाही बदललेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात लेव्हल उतरली, तेव्हा घरचंच बोअरचं पाणी ओतलं. आता आतलं पाणी चहासारखं दिसतंय. घरी साफ करता येईल का? – एक वाचक, सांगली

येईल, आणि लवकर करा. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये थर धरतात. चार वर्षांत कूलंटमधली गंजरोधक द्रव्यंही संपत आलेली असतात. चहाचा रंग त्या दोन्हींचा.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गाडी सपाट जागी सरळ उभी करा, खाली मोठं घमेलं ठेवा. ड्रेन बोल्ट बहुतेक गाड्यांत वॉटर पंपाच्या कव्हरवर अगदी खालच्या बाजूला असतो. पंपाचं कव्हर धरून ठेवणारे बोल्टही शेजारीच असतात, म्हणून पुस्तिकेतलं चित्र पाहूनच पाना लावा. झाकण बंद ठेवूनच बोल्ट काढा, म्हणजे धार संथ पडते. घमेलं नीट सरकवलं की मग झाकण उघडा.

रिझर्व्ह बाटली वेगळी रिकामी करून धुवा. हे निम्मे लोक विसरतात. इंजिन थंड होताना बाटलीतलं जुनं पाणी पुन्हा आत ओढलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता बोल्ट लावून डिमिनरलाइज्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात तेच, भरा. झाकण लावून इंजिन चालू ठेवा. वरचा होज पाइप गरम लागेपर्यंत बंद करू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, उघडल्याशिवाय पाणी रेडिएटरमधून नीट फिरतच नाही. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पाणी सोडा. गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत असं दोन-तीन वेळा करा. व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरचे प्रयोग नकोत, आम्ल अॅल्युमिनियम खातं.

खरी गफलत पुढे होते. शेवटच्या धुण्याचं थोडं पाणी इंजिनात अडकून राहतंच. समजा एकूण क्षमता १.२ लिटर आहे आणि ३०० मिली पाणी आत उरलं. वरून ५० टक्क्यांचं तयार कूलंट भरलंत तर मिश्रण ३७.५ टक्क्यांवर येतं. म्हणून धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या : आधी ६०० मिली ते, मग उरलेल्या जागेत डिमिनरलाइज्ड पाणी. जास्त घातलं म्हणजे जास्त गार, असं मात्र नाही. नुसतं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव्य, पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाका आणि जोर लावून आवळू नका. अॅल्युमिनियमचे आटे गेले तर दहा रुपयांचं काम हजारांत जातं.

प्रश्न : कूलंट बदलल्यापासून सिग्नलला टेंपरेचर झपाट्याने चढतं. गॅरेजवाले थर्मोस्टॅट बदला म्हणतात. – एक वाचक, नाशिक

आधी हवा काढून घ्या. थर्मोस्टॅट उघडतो तो भोवतालच्या पाण्याच्या उष्णतेने; तिथे हवेचा फुगा बसला तर तो वेळेवर उघडत नाही. थंड इंजिनावर झाकण काढा आणि नळीच्या तोंडापर्यंत कूलंट भरा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. होज पाइप हाताने दाबा, गाडी डावी-उजवीकडे झुकवा. मग झाकण उघडंच ठेवून आयडलिंगवर चालवा आणि तीन-चार वेळा हलकी रेस द्या. लेव्हल खाली जाईल तसं भरत राहा. कूलंट फुगून वर यायला लागलं की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लेव्हल बघा, बहुतेकदा थोडं उतरलेलं असतं.

तरीही काटा चढला तर झाकणाचं रबर तपासा. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साधारण १०७ अंश असतो. १.१ बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून तो आणखी वर जातो. रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट बाटलीत पळतं. थर्मोस्टॅटचा संशय सगळ्यात शेवटी. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, पाणी तापवा; उघडतो की नाही ते डोळ्यांना दिसतं. पण तो कायमचा काढून टाकण्याचा जुगाड नको. इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त खातं.

प्रश्न : हिरवं कूलंट चांगलं की लाल? – एक वाचक, पुणे

रंग हा फक्त रंग आहे. डब्यावर आयएस ५७५९ (भारतीय) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी) हे मानक आणि अॅल्युमिनियम इंजिनासाठी योग्य असल्याचा उल्लेख बघा. दोन प्रकार एकत्र करू नका, काही जोड्यांचा चिकट गाळ होतो. (स्प्लेंडरला कोणतं घालू, असंही एकाने विचारलंय. कोणतंच नाही, ती हवेवर गार होते.)

प्रश्न : वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून थेंब पडतात. एम-सील लावू का? – एक वाचक, सोलापूर

अजिबात नाही. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर पडतं, म्हणजे ऑइलमध्ये जात नाही. भोक बुजवलंत तर ते इंजिन ऑइलमध्ये शिरेल. सील बदलून घ्या. ऑइलच्या काचेत दुधाळ कॉफीसारखं काही दिसलं तर गाडी चालू न करता टेंपोतूनच गॅरेजला न्या. आणि खाली सांडलेलं लगेच पुसा. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि त्यांच्यासाठी ते विष आहे.