अजिंठ्याला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताना

सोमवार टाळ, लेणी बंद असतात. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावून पुढे तिथल्या बसने जावं लागतं, म्हणून सकाळी लवकरच पोच.

ट्रायपॉड घरी ठेव आणि फ्लॅश आधीच बंद करून टाक. दीड हजार वर्षं टिकलेल्या रंगांवर आपल्या हौसेपायी प्रकाशाचा मारा करायचा नाही, हे माझं कळकळीचं सांगणं. १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर सुरुवातीला नीट काही दिसतच नाही. घाई करू नको, डोळे सरावू दे. मग भरपूर प्रकाश आत घेणारी एफ १.८ची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ३२००च्या आसपास, कोपरं छातीशी घट्ट, आणि सलग चार-पाच फ्रेम. त्यातली एखादी तरी धड येते. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढ, म्हणजे रंगांचा तोल नंतर सांभाळता येतो.

सगळी गर्दी १ आणि २ मध्येच होते. तू १२ नंबरला निवांत थांब. साधा विहार, म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं ठिकाण आहे, चित्रं जवळजवळ नाहीत, पण खोल्यांमध्ये भिक्खूंच्या झोपण्याचे दगडी ओटे अजून तसेच आहेत आणि दारांवर नालाकृती कमानी कोरल्यात. इथे लोक राहत होते, हे मला तिथेच खरं जाणवतं. २४ नंबर अर्धवट राहिलंय. डोंगर कसा पोखरत नेला ते तिथे उघड दिसतं.

पाय साथ देत असतील तर वाघोरा नदीपलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरही चढ. नालाच्या आकाराचा अख्खा कडा एका फ्रेममध्ये तिथूनच मिळतो, आणि पावसाळ्यात तो हिरवागार असतो.