लाल टोपण, केशरी टोपण

प्रश्न : ताई, खानापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी सहा वर्षं स्टाफ नर्स आहे. औषधं देताना होणाऱ्या चुकांवर अभ्यास करावा असं फार मनात आहे. सोबतच्या म्हणतात, संशोधन डॉक्टरांचं काम, तुला आकडेशास्त्र कुठं येतंय? यासाठी नेमकं काय यावं लागतं?
— एक परिचारिका

उत्तर : तू माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून तूच म्हणते. आकडेशास्त्र शिकवणारं माणूस बेळगावात मेडिकल कॉलेजला भेटतं. त्याच्याकडं जायच्या आधी काय लागतं, ते सांगते.

पुष्कळ वर्षांमागं नाइट ड्युटीत मी एका मावशींना इन्सुलिन दिलं. बाटली मिलिलिटरला 100 युनिटची, हाताला लागलेली सिरिंज 40 च्या बाटलीसाठीची. द्यायचे होते 10 युनिट, म्हणून दहाच्या रेघेपर्यंत ओढलं; पाव मिलिलिटर, म्हणजे 25 युनिट गेलं, अडीचपट. पहाटे मावशी घामानं चिंब, हाक मारली तर ओ देईनात. ग्लुकोज लावल्यावर शुद्धीवर आल्या, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला मेमो मिळाला आणि प्रकरण मिटलं. दोन्ही सिरिंजा मात्र त्याच ट्रेमध्ये राहिल्या. 40 चं टोपण लाल, 100 चं केशरी. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्याखाली ते वेगळे दिसतात का, हे कुणी विचारलंच नाही.

तुला तेच विचारता यायला हवं. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय की अपघात एका हातून होत नाही. दिवा, ट्रे, अपुरी माणसं, पाळी बदलताना घाईचा हँडओव्हर, सगळ्यांतली भोकं, म्हणजे उणिवा, एका रेषेत आल्या की तो होतो. ‘कुणी केलं?’ म्हणालीस की वॉर्ड मुका होतो. त्या रात्री किती पेशंट होते, ट्रे कुणी लावली होती, असं विचार. सिस्टरांची नावं लिहू नकोस, वही कुलपात ठेव. आणि केसपेपर उघडण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय का हे बघणाऱ्या समितीची, परवानगी घे, यात सवलत नाही.

मग व्याख्या. गोळी अर्धा तास उशिरा दिली, ती चूक धरायची का? चुकीची उचलली पण देण्याआधी ध्यानात आलं, ती? अशा वाचलेल्या चुका तर सोडूच नकोस, खूप शिकवतात. सगळं आधी लिहून काढ. मग तेच दहा केसपेपर दोघींना वेगवेगळे तपासायला दे. उत्तरं जुळली नाहीत तर व्याख्या कच्ची. ‘महिन्यात सात चुका’ एवढ्यानं काही कळत नाही, किती डोसांपैकी सात ते लिही. आणि जिथं नोंदी जास्त तो वॉर्ड वाईट, असं धरून चालू नकोस. कदाचित तिथल्या सिस्टर मोकळेपणानं बोलत असतील.

आपल्या भागात भाषेचं काम आणखी. पाकिटावर इंग्रजी, तोंडी सूचना कन्नडात, ‘ऊटा आदमेले’ म्हणजे जेवण झाल्यावर, आणि समोरची आजी घरात मराठीच बोलणारी. ती मान हलवते, म्हणजे समजलं असं नव्हे. ‘आजी, सांगा बघू, ही गोळी कधी घेणार?’ असं विचारून तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिही. संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत कर.

डॉक्टरांचं काम म्हणणाऱ्या मैत्रिणींना आपल्याच जिल्ह्यातलं सांग. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल गोळीचा अभ्यास इथल्या खेड्यांत झाला, 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 1620 बाया होत्या. रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. गोळी दिली एएनएम, म्हणजे खेड्यांतल्या सहायक परिचारिका, सिस्टरांनी, आणि मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजलं तेही त्यांनीच. नुसत्या नजरेच्या अंदाजात रक्त कमीच भरतं, म्हणून ती पिशवी. त्यांनी नीट मोजलं नसतं तर त्या आकड्यांना काय अर्थ होता?

तू एकच वॉर्ड घे, एकच औषध घे. माझं ऐकशील तर इन्सुलिन. निकाल हाती आला की साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरांना वाचून दाखव. ट्रे त्या लावतात.