विश्वामित्रीच्या पुरात बडोद्यात महापालिका, अग्निशमन दल आणि एनडीआरएफ यांना एकच थेट नकाशा कसा दाखवता येईल?

सगळ्यांना एकाच सॉफ्टवेअरवर आणायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक खात्याने आपला थर (नकाशावरची आपल्या वाट्याची माहिती) जिओजेसन किंवा डब्ल्यूएफएस (नकाशाची माहिती देण्या-घेण्याच्या खुल्या पद्धती) दुव्याने खुला ठेवावा आणि बाकीच्यांनी तो दर एक-दोन मिनिटांनी ओढून घ्यावा. बंद रस्ते महापालिकेचे, बोटी जरोदच्या एनडीआरएफ तुकडीच्या, सुटकेचे कॉल अग्निशमनाचे: ज्याची माहिती, त्यानेच ती बदलायची. फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवली की तासाभरात तिच्या चार आवृत्त्या होतात आणि खरी कोणती ते कुणालाच कळत नाही.

सर्वात जास्त घोळ अक्षांश-रेखांशाच्या क्रमाचा होतो. जिओजेसनमध्ये आधी रेखांश (७३.२, २२.३), पण आपत्तीचे इशारे पाठवण्याच्या कॅप या प्रमाणित स्वरूपात आधी अक्षांश. उलटसुलट झालं तर बडोदा थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसतं! म्हणून पावसाळ्याआधीच विश्वामित्रीवरच्या काळा घोडा पुलाचा एक बिंदू सगळ्यांच्या पडद्यावर टाकून तपासा. प्रत्येक नोंदीला न बदलणारा क्रमांक, +०५:३० (भारतीय वेळेची खूण) सकट वेळ आणि एकक हवंच. पुलावरची पातळी फुटांत मोजतात, आणि ती नदीची पातळी असते, रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे. तिच्यावरून बोट की ट्रॅक्टर हे ठरवू नका.

मात्र वीज आणि मोबाइल टॉवर गेले की ‘थेट’ काही उरत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि पंधरा मिनिटांहून जुनी नोंद आपोआप राखाडी दिसेल अशी सोय करा.