क्रिएटिनिन 2.1 म्हणजे डायलिसिस आलंच का? वडिलांना मधुमेह आहे, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडील 62 वर्षांचे, मधुमेह 14 वर्षांचा, क्रिएटिनिन 2.1, पोटॅशियम 5.6, हिमोग्लोबिन 9.8. शेजारीपाजारी ‘आता डायलिसिसच’ म्हणतात. किडनीवर एवढं संशोधन चालतं, त्यातून काही औषध निघालंय का, हा तुमचा प्रश्न.

निघालंय. पण आधी तो 2.1 चा आकडा बाजूला ठेवा, कारण तो एकटा फार थोडं सांगतो. 62 वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन 2.1 असेल तर 2021 च्या सूत्राने ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) सुमारे 35 येतो. त्याच वयाच्या बाईचं क्रिएटिनिन 2.1 असेल तर तो 26 च्या आसपास येतो. आदल्या रात्री मटण झालं असेल तर क्रिएटिनिन थोडं चढतं, आणि स्नायू झडलेल्या म्हाताऱ्या माणसात ते फसवं कमी दिसतं. शिवाय किडनीचा जुनाट आजार म्हणायला बिघाड किमान 3 महिने टिकलेला लागतो. म्हणून जुने रिपोर्ट शोधा. सहा महिन्यांपूर्वी 1.9 होतं की 1.1, यावर सगळं चित्र बदलतं. 1.1 वरून एकदम 2.1 झालं असेल तर कारण वेगळं असू शकतं आणि घाई करायला हवी.

खरी तपासणी तुमच्या यादीत नाहीच: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर. सकाळची पहिली लघवी द्यायची. ताप, लघवीला जळजळ किंवा आदल्या दिवशी अंगमेहनतीचं काम झालं असेल तर ती पुढे ढकलायची, आणि जास्त आली तर पुन्हा करून खात्री करायची. 30 च्या आत ठीक, 300 च्या वर गंभीर. एवढा आग्रह कशासाठी? वय, लिंग, ईजीएफआर आणि एसीआर या चारच गोष्टींवरून डायलिसिसची शक्यता काढणारं एक सूत्र 2011 मध्ये कॅनडात तयार झालं आणि पुढे 30 हून अधिक देशांतल्या रुग्णांवर पडताळलं गेलं. त्यात वडिलांचं वय आणि 35 चा ईजीएफआर घातला, तर एसीआर 30 असताना पुढच्या 5 वर्षांत डायलिसिस लागण्याची शक्यता शंभरात चार-पाच येते. एसीआर 1500 असेल तर वीस-पंचवीस. क्रिएटिनिन तेच, भवितव्य पाचपट वेगळं. शेजाऱ्यांना हे कुठून माहीत असणार?

आता औषधं. सगळ्यांत जुना आधार टेल्मिसार्टन, लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या गटाचा. लोसार्टनचा मधुमेही किडनीतला उपयोग 2001 मध्येच सिद्ध झाला. ही गोळी किडनीतल्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तनळी सैल करते, त्यामुळे गाळणीवरचा दाब उतरतो. दाब उतरला की क्रिएटिनिन थोडं वाढतं, आणि इथेच घोटाळा होतो. ‘गोळीनं किडनी बिघडली’ म्हणून ती बंद केली जाते. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षितच असते. सुरू केल्यावर 2 ते 4 आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, आणि त्याहून जास्त वाढलं तरच कारण शोधायचं. खूप पुढे गेलेल्या आजारात ही औषधं थांबवून काही फायदा होतो का, हेही ब्रिटनमध्ये 411 रुग्णांवर तपासून झालंय. 2022 चा निकाल: किडनी वाचली नाही.

दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन 10 मिलिग्रॅम. मुळात साखरेची, पण ती गाळणीत आत येणाऱ्या रक्तनळीवर काम करते, म्हणून वरच्या गोळीला पूरक. 2020 च्या चाचणीत 4304 रुग्ण होते, त्यात मधुमेह नसलेलेही. किडनी ढासळणं, डायलिसिस किंवा किडनी अथवा हृदयाने होणारा मृत्यू हे एकत्र धरून 39 टक्क्यांनी घटलं. एम्पाग्लिफ्लोझिनचाही 6609 जणांवर असाच निकाल आला. ईजीएफआर 20 पर्यंत ती सुरू करता येते. एवढ्या कमी ईजीएफआरला साखर फारशी उतरत नाही, म्हणून ‘उपयोग नाही’ असं कुणी म्हणेल. किडनीचा फायदा साखरेवर अवलंबून नाही. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात 2020 मध्ये संपलं, त्यामुळे आता स्वस्त कंपन्यांचीही मिळते.

पण आपल्याकडे या गोळीचा एक धोका कुणी नीट सांगत नाही. उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद असेल किंवा एकादशी-महाशिवरात्रीचा कडक उपवास असेल, तर ती त्या दिवसांपुरती थांबवायची, पोटभर जेवण सुरू झालं की पुन्हा घ्यायची. नाहीतर साखर दोनशेच्या आत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप असं दिसलं तर ग्लुकोमीटर बघून निर्धास्त राहू नका, कीटोन (हेच साचणारं आम्ल) तपासा. मोठ्या ऑपरेशनच्या 3 दिवस आधीपासून बंद. जननेंद्रियाला खाज-बुरशी होऊ शकते. रोजची स्वच्छता आणि साधं मलम बहुधा पुरतं.

तिसरं फिनेरेनोन ही गोळी (2020 ची चाचणी), चौथं आठवड्याला एकदा टोचायचं सेमाग्लुटाइड. 2024 च्या चाचणीत 3533 मधुमेही रुग्णांत त्याने मोठे किडनी-प्रसंग आणि किडनी किंवा हृदयाने होणारे मृत्यू 24 टक्क्यांनी कमी केले. फिनेरेनोन तर वडिलांना आत्ता नकोच, कारण ते पोटॅशियम वाढवतं आणि त्यांचं आधीच 5.6 आहे.

या 5.6 चं काय करायचं? आधी तो खरा आहे का बघा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून, मूठ उघडझाप करायला लावून रक्त काढलं, किंवा खानापुरात काढलेला नमुना दुपारपर्यंत तसाच राहून मग बेळगावच्या लॅबला गेला, तर पेशींतून बाहेर आल्याने पोटॅशियम खोटं चढतं. पट्टा सैल ठेवून काढलेला नमुना तासाभरात तपासला जाईल अशा ठिकाणी पुन्हा द्या. 6.5 च्या वर किंवा पायांत बळ नसणं, नाडी मंद होणं असेल तर उद्यावर टाकू नका, ईसीजी निघेल अशा दवाखान्यात तेव्हाच जा.

खरा निघाला तर ताटाकडे वळा. बेळगावच्या पश्चिम भागातली रताळी, बटाटा, शेंगदाणे, केळी, शहाळं: उपवासाचं सगळं ताटच पोटॅशियमचं. रताळी-बटाटा खायचाच असेल तर साल काढून पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकडा, पाणी ओता, नवं पाणी घालून पुन्हा उकडा. नुसतं भिजवून तेवढा फरक पडत नाही. ‘कमी सोडियमचं मीठ’ घरात असेल तर फेकून द्या; त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. बद्धकोष्ठ असेल तर तेही हटवा, कारण किडनी थकली की पोटॅशियमचा बराच भार आतडं उचलतं. रक्तातलं बायकार्बोनेट तपासा, 22 च्या खाली असेल तर सोड्याच्या गोळ्यांनी पोटॅशियमही उतरतं. हे सगळं करून बघितल्याशिवाय टेल्मिसार्टन बंद करू नये. गरजेला पोटॅशियम बांधणारी पावडर असते. मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, ताकातली मिरचीही आली.

कंबरदुखी-गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक नको. गोळी नको, सुईही नको. भात लावणीच्या दिवसांत गावच्या डॉक्टरकडे अशी सुई सर्रास मिळते. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना तिच्यामुळे ईजीएफआर काही दिवसांत कोसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं. भस्माची पुडी तर मुळीच नको. साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ईजीएफआर 45 च्या खाली डोस निम्मा आणि 30 च्या खाली बंद, हे डॉक्टरांना आठवण करून विचारा.

हिमोग्लोबिन 9.8 साठी ताकदीची सुई मागायच्या आधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करा. लोह कमी असेल तर आधी लोह. त्यावाचून एरिथ्रोपोएटिन (हीच ती सुई) वाया जातं. आणि हिमोग्लोबिन 13 करायचा हट्ट नको. 2009 मध्ये 4038 मधुमेही किडनी-रुग्णांवर त्याच गटातलं डार्बेपोएटिन देऊन नेमकं तेच करून बघितलं, तर औषधाच्या गटात 101 जणांना पक्षाघात झाला आणि दुसऱ्या गटात 53 जणांना. 10 ते 11.5 पुरे. सुई नको असेल तर डेसिडुस्टॅट ही गोळी भारतातच विकसित होऊन 2022 मध्ये मंजूर झाली. रक्त चढवणं शक्यतो टाळा, पुढे प्रत्यारोपणाला त्यातून तयार झालेली प्रतिपिंडं आडवी येतात.

या आजारात बरेच जण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधी हृदयविकाराने जातात. म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), रक्तदाब 130/80 च्या आत (5 मिनिटं शांत बसून मोजलेला) आणि तंबाखू बंद, हेही किडनीच्याच उपचारात धरा.

ईजीएफआर पुढे 20 च्या आसपास आला तर डाव्या हाताच्या शिरा राखा (उजव्या हाताने काम करत असतील तर). रक्त काढणं, सलाईन लावणं उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून केलेली वाट) पिकायला दीड ते तीन महिने लागतात. तो वेळेत नसेल तर मानेत नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्ग तिथून सुरू होतो. हिपॅटायटिस बीची लसही आत्ताच घ्या, दुप्पट मात्रेने: 40 मायक्रोग्रॅम, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी. नुसता आकडा बघून डायलिसिस लवकर सुरू करण्यात लाभ नाही, हे 2010 मध्येच 828 रुग्णांच्या चाचणीत दिसलंय. लक्षणं बघून ठरवतात. तशी वेळ आली तर बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेतून वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत खर्च मिळतो. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, ते आत्ताच बघून ठेवा. कन्नड-मराठी स्पेलिंगच्या फरकाने ऐन वेळी कागद अडतात.