तलावाकाठचा खचलेला काँक्रीटचा ओटा

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या बंगल्यातील पोहण्याच्या तलावाभोवतीचे काँक्रीट सहा वर्षांत तडकले असून काठालगत खचले आहे. वरून नवा थर द्यावा की सगळे उखडावे?

उत्तर : प्रथम हातोडीच्या दांड्याने काठापासून बाहेरपर्यंत ठोकून पाहावे. जेथे पोकळ, भदभदीत आवाज येईल तेथे खालचा भराव बसलेला आहे, आणि अशा जागी वरून दिलेला थर पुन्हा त्याच रेषेत फुटतो. म्हणून तेवढा भाग उखडणेच योग्य. तलाव बांधताना भिंतीमागे केलेला भराव नीट न चोपता वर काँक्रीट ओतणे, हीच चूक मला वारंवार आढळते आणि तिचा मनापासून खेद वाटतो. मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसाने चोपावा.

कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी जाळी घालायची असेल, तर एम-३० (२८ दिवसांत ३० मेगापास्कल ताकद येणाऱ्या प्रतीचे) काँक्रीट घ्यावे आणि वाळूतला ओलावा धरून ५० किलो सिमेंटमागे पाणी २२ लिटरच्या वर जाऊ देऊ नये. गवंडी काम सोपे व्हावे म्हणून हमखास जास्त पाणी ओततो. तेव्हा स्वतः उभे राहावे. उतार तलावापासून बाहेर, ५० ला १ असा ठेवावा. काठ आणि ओटा यांच्यामध्ये सुमारे १२ मिलिमीटरची फट सोडून ती लवचिक सीलंटने भरावी. ओट्याला दर तीन मीटरवर सांधा द्यावा. पृष्ठभाग गुळगुळीत न घोटता ओला असतानाच झाडू फिरवून खरबरीत करावा आणि किमान सात दिवस गोणपाट ओले ठेवावे.